प्रणयकलह

एकमेकांवर जीव असलेल्या स्त्री-पुरुषांमधील लटके किंवा खरे भांडण व त्यातून होणारे मनोमीलन. शास्त्रग्रंथांत त्याचा विचार ‘मान’ या संज्ञेखाली येतो. बोलीत त्याला रुसवा म्हणतात. दोन्ही शब्द अगदी एका अर्थाचे नाहीत. मानात ताठा असतो, तर रुसव्यात कोणी तरी समजूत काढावी ही अपेक्षा.

भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ नायिकांपैकी दोघी कोपलेल्या आहेत : प्रियकर दुसरीकडे गुंतल्याने दुखावलेली खंडिता, आणि भांडून त्याला घालवून दिल्यावर पस्तावणारी कलहांतरिता. धनंजयाने दशरूपकात (दहावे शतक) मानाचे प्रणयमान व ईर्ष्यामान असे दोन प्रकार केले. प्रणयमान दोघांपैकी कोणालाही, किंवा एकाच वेळी दोघांनाही, होऊ शकतो. ईर्ष्यामान त्याने फक्त स्त्रियांकडे दिला आहे. ईर्ष्येचे कारण ऐकीव असते, डोळ्यांनी पाहिलेले असते किंवा ताडलेले असते. ताडण्याच्या खुणा तीन : झोपेतले बरळणे, अंगावरच्या खुणा आणि गोत्रस्खलन, म्हणजे भलत्याच स्त्रीचे नाव तोंडून निसटणे. राग घालवण्याचे उपाय सहा : साम (गोड बोलणे), भेद (तिच्या सखीला आपल्याकडे वळवणे), दान (दागिने वगैरे देणे), नती, उपेक्षा व रसांतर. नती म्हणजे सरळ पाया पडणे. तेही जमले नाही तर उपेक्षा. रसांतरात एकाएकी भीती वा हर्ष उत्पन्न करून राग विसरायला लावतात.

काव्यप्रकाशकार मम्मटाने विप्रलंभाच्या, म्हणजे विरहातल्या शृंगाराच्या, पाच हेतूंत ईर्ष्या घेतली, मान नाही. त्यामुळे निष्कारण भांडणाला त्याच्या मांडणीत स्वतंत्र जागा राहत नाही. विश्वनाथाने साहित्यदर्पणात (चौदावे शतक) ती परत दिली. प्रेमाची चालच वाकडी, म्हणून सारे सुखाचे असतानाही कारणाविना कोप येतो, असे तो म्हणतो. मात्र समजूत काढेपर्यंतही जो राग टिकत नाही त्याला तो विप्रलंभ मानत नाही, संभोगातलाच, म्हणजे मीलनातल्या शृंगारातलाच, एक संचारी (येणारा-जाणारा) भाव मानतो. प्रत्यक्ष काव्याशी ताडून पाहता विश्वनाथाची व्यवस्था अधिक जुळते.

प्रणयमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण गाथासप्तशती या प्राकृत गाथांच्या संग्रहातील आहे (१·२७). दोघेही रुसलेली, दोघांनीही झोपेचे सोंग घेतलेले. श्वास रोखून, निश्चल पडून प्रत्येकाचा कान दुसऱ्याकडे. या दोघांत ‘को मल्लो’, मल्ल कोण, एवढेच गाथाकार विचारतो. ही गाथा मूळ संग्रहातली की नंतरची, हे संग्रहाच्या कालनिर्णयावर अवलंबून आहे. परंपरेने तो हाल या सातवाहन राजाचा, म्हणून इ. स. च्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. संशोधकांपैकी कीथ यांनी तो बराच अलीकडे आणला, तर दे. रा. भांडारकरांनी सहाव्या शतकापर्यंत. बाणभट्टाला (सातवे शतक) सातवाहनाचा सुभाषितकोश ठाऊक होता. वेबर यांनी संग्रहाच्या पाठपरंपरा ताडल्या तेव्हा सगळ्या पाठांत समान अशा सुमारे ४३० गाथाच निघाल्या. तेव्हा मूळ संग्रह जुना व भर शतकानुशतके पडत गेली, हे वा. वि. मिराशी यांच्या धर्तीचे मत स्वीकारणे बरे.

अमरुशतक या संस्कृत मुक्तकसंग्रहात हाच प्रसंग पुढे सरकतो : एका शय्येवर पाठ फिरवून पडलेल्या दोघांची डोळ्यांच्या कोपऱ्यांतून नजरानजर होते आणि भांडण हसण्यात फुटते. गीतगोविंदातील (बारावे शतक) राधेचा मान सुपरिचित आहे.

महाराष्ट्रात या विषयाला दैवताचा आधार मिळाला. कृष्णाजवळ राधेला पाहून रुक्मिणी रुसली, दिंडीरवनात जाऊन बसली, आणि तिच्या शोधात देव पंढरपुरास आला, अशी कथा आहे. तेथे रुक्मिणीचे मंदिर वेगळे असण्याचे कारणही लोक हेच सांगतात. जात्यावरच्या ओव्यांत तिच्या रुसव्याला जनाबाई व तुळस ही निमित्ते जोडली गेली. नाटकांपैकी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सौभद्रातील (१८८२) ‘नच सुंदरी करू कोपा’ हे पद म्हणजे शास्त्रातला सामच. खाडिलकरांच्या मानापमानात (१९११) भामिनी व धैर्यधर यांचे वैर गरिबी-श्रीमंतीवरून सुरू होते. तेथे ‘मान’ शब्दाचा अर्थ प्रतिष्ठेकडे झुकलेला असून रुसव्याशी त्याचे नाते दूरचे आहे. रंजनपर कादंबरीतील तापट नायक-नायिका याच वळणाचे. त्यांना मात्र भांडायला आधी प्रेम लागत नाही.