जनगणनेत पणजोबा सापडतात का? एक खुलासा

‘इंग्रजांच्या जनगणनेत पणजोबांचं नाव मिळतं, फक्त आत ओळख हवी,’ असं ठाण्यात अजूनही छातीठोकपणे सांगतात. नाही मिळत. इंग्लंडमध्ये १८८१च्या घरागणिक याद्या खुल्या आहेत. आपल्याकडे १९३१च्या छापील खंडांत नुसती आकडेवारी. पुढच्या जनगणनांचे घरोघरी भरलेले नावानिशी तक्ते १९४८च्या जनगणना कायद्यानेच बंद. वशिला काय करणार?

नाव हवं तर तहसील कचेरीत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मागा. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात; जुनी पानं मोडी लिपीत, म्हणून वाचणारा गाठा. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे भागातल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांनी चर्चची बाप्तिस्म्याची वही पाहावी, आईबापांसोबत धर्ममाता-पित्यांचीही नावं असतात. पूर्वज महायुद्धात पडला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत बापाचं, गावाचं नावही अनेकदा असतं. सुखरूप घरी परतलेले त्या यादीत नाहीत.