गावातून एएमवर बोलायचं असेल तर: परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

पोळ्याच्या चार दिवस आधी आमच्याकडचे दोन पोट्टे घरी आले. ऑनलाइन मागवलेला एएम ट्रान्समीटरचा किट त्यांनी स्वतः सोल्डर केला होता. एएम म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त करून तो पाठवायची जुनी पद्धत. शेजारच्या खोलीतल्या जुन्या रेडिओवर त्यांचा आवाज स्वच्छ यायचा. आता वायर वाढवायची, गावभर कापसाचे-तुरीचे भाव सांगायचे आणि संध्याकाळी भजन लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जाता जाता एकानं विचारलं, "काका, याले लायसन लागते का?"

लागतं. आणि हा प्रश्न वायर वाढवण्याआधी विचारला, याचा मला फार आनंद झाला.

किटसोबतच्या कागदावर 'परवान्याची गरज नाही' असं छापलं होतं. ते खोटं नाही, पण ते अमेरिकेपुरतं आहे. तिथल्या नियमांच्या भाग 15 मध्ये 510 ते 1705 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात (म्हणजे मध्यम लहरींवर), ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला 100 मिलिवॉटपर्यंत पॉवर आणि अर्थिंगच्या तारेसकट तीन मीटरपर्यंत अँटेना एवढ्या मर्यादेत परवान्याशिवाय प्रसारण करता येतं. भारतात मध्यम लहरींवर अशी सवलत नाही. आपल्याकडे मध्यम लहर म्हणजे आकाशवाणी. आपण नागपूर केंद्र 585 किलोहर्ट्झवर ऐकतच मोठे झालो. खासगी आणि सामुदायिक प्रसारणाला जे दार उघडलं ते एफएमचं, एएमचं नाही. विनापरवाना प्रसारण यंत्रणा उभी केली तर 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बिहारमधल्या एका खेड्यातलं हातानं बनवलेलं एफएम केंद्र 2006 मध्ये याच कारणानं बंद करावं लागलं होतं, आणि तेही गावकऱ्यांचं लाडकं होतं.

त्या पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. 1000 किलोहर्ट्झची लहर 300 मीटर लांब असते. तिच्या चौथाई लांबीचा मनोरा म्हणजे 75 मीटर. तिथे तीन मीटरची तार लावली की बरीचशी पॉवर कॉइलमध्ये आणि जमिनीत गरम होऊन जाते. आवाज वाड्याच्या पलीकडे जेमतेम जातो. तेवढीच मेहनत परवाना काढून हॅम रेडिओवर, म्हणजे छंद म्हणून परवानाधारकांनी एकमेकांशी बोलायच्या हौशी रेडिओवर केली, तर वर्धा किंवा यवतमाळच्या शेतातून केरळ-आसामशी बोलता येतं, आणि एएममध्येही बोलता येतं. म्हणून एकट्या माणसाला छंदच करायचा असेल, तर मी हाच रस्ता सांगतो.

हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. नियम 1978 चे आहेत, त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि वय किमान 12 वर्षं हवं. शिक्षणाची अट नाही. म्हणजे सातवी-आठवीतली मुलगीही अर्ज करू शकते, फक्त परीक्षा पास व्हावी लागते.

प्रमाणपत्राचे दोन दर्जे आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींच्या लेखी परीक्षेत दोन भाग येतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेडसाठी प्रत्येक भागात 40 टक्के आणि एकूण 50 टक्के गुण लागतात. जनरलसाठी प्रत्येक भागात 50 आणि एकूण 55 टक्के, शिवाय मोर्स कोड मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं घेता आणि पाठवता यायला हवा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा टेलिकम्युनिकेशन शिकलेल्या विज्ञान आणि अभियांत्रिकी पदवीधरांना, तसंच अभियांत्रिकी पदविकाधारकांना तंत्राच्या भागातून सूट मिळते. नियमांचा पेपर मात्र सगळ्यांनाच. नवख्यानं रिस्ट्रिक्टेडपासून सुरुवात करावी, हे माझं ठाम मत. मोर्ससाठी थांबून राहिलेली किती तरी पोरं मी पाहिली, त्यातली बरीच परत आलीच नाहीत.

अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर होतो. खातं उघडायचं, दर्जा निवडायचा, परीक्षा केंद्र निवडायचं. आपल्यासाठी नागपूर सोयीचं. तिथे वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे. कागदपत्रं थोडीच आहेत: जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र), ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही. सूट मागायची असेल तर पदवी किंवा पदविकेचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका.

खेड्यातल्या अर्जदाराचं घोडं अडतं ते इथेच. आधारवर 'रामभाऊ', दहावीच्या प्रमाणपत्रावर 'रामराव'. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. आधारवर जन्माचं नुसतं वर्ष, तारीखच नाही. माझ्या स्वतःच्या अर्जात वडिलांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं होतं, त्यात माझे दोन महिने गेले. म्हणून आधी सगळे कागद खाटेवर शेजारी-शेजारी मांडा आणि नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती लागत असेल तर ती आधी करून घ्या, पोर्टल नंतर उघडा. सेवा केंद्रातून फॉर्म भरत असाल तर मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या, केंद्रवाल्याचा नको. पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात.

अभ्यास मराठीतून करा, पण शब्द इंग्रजीच पाठ ठेवा, कारण सेटवर तेच वापरायचे आहेत. ओहमचा नियम, कंडेन्सर, कॉइल, सुपरहेटरोडाइन रिसीव्हर, मॉड्युलेशन, अँटेना, लहरींचा प्रवास. नियमांत क्यू कोड (क्यूपासून सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), अक्षरांचे ध्वनिसंकेत, लॉगबुक, संकटकाळचे संदेश. एएमचा एक मुद्दा नीट समजून घ्या: शंभर टक्के मॉड्युलेशनलाही दोन तृतीयांश पॉवर वाहक लहरीत, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीतच राहते, बोलणं उरलेल्या तृतीयांशात जातं. शिवाय एएम सिंगल साइडबँडच्या (वाहक लहर आणि एक बाजू गाळून बोलायची पद्धत) दुप्पट जागा व्यापतं, म्हणून गर्दीच्या पट्ट्यावर आधी ऐकायचं, रिकामी जागा पाहून मगच बोलायचं.

पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं, पण नुसत्या त्यावर सेटचं बोलायचं बटण दाबता येत नाही. त्याच पोर्टलवर स्टेशनच्या परवान्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे प्रमाणपत्र, ओळख, पत्ता आणि सेट जिथे बसवणार ती जागा द्यायची. परवाना वीस वर्षांसाठी किंवा आजन्म मिळतो. शुल्क अनुक्रमे 1000 आणि 2000 रुपये. मग कॉल साइन, म्हणजे हवेतली तुमची ओळख, येते. जनरलवाल्यांची व्हीयू2 ने सुरू होते, रिस्ट्रिक्टेडवाल्यांची व्हीयू3 ने. सेट त्यानंतरच घ्या किंवा बनवा. तोवर फक्त ऐका. ऐकायला कोणताही परवाना लागत नाही, आणि घरी बनवलेला रिसीव्हर हा सगळ्यात चांगला शिक्षक आहे.

आता त्या पोरांना जड गेलेली गोष्ट. हॅम परवान्यावर प्रसारण करता येत नाही. भजन नाही, गाणी नाहीत, बाजारभाव नाहीत, जाहिरात नाही, धंद्याचे निरोप नाहीत. दुसऱ्या परवानाधारकाशी तांत्रिक किंवा साधं वैयक्तिक बोलणं, एवढंच.

गावाला भाव आणि भजन ऐकवायचंच असेल तर ते सामुदायिक रेडिओचं काम. तो एफएमवर चालतो आणि माहिती व प्रसारण मंत्रालय परवानगी देतं. तिथे एकट्या माणसाचा अर्ज चालत नाही. किमान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत ना-नफा संस्था किंवा ट्रस्ट, शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्र लागतं. पॉवर साधारण 100 वॅट ईआरपीपर्यंत (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी परिणामी पॉवर), निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक, बातम्या फक्त आकाशवाणीच्या. अर्ज 'ब्रॉडकास्ट सेवा' पोर्टलवर होतो. खर्च आणि माणसं दोन्ही लागतात, म्हणून आधी गावातली एखादी जुनी संस्था गाठा.

शेतातून घरी दोघांनी बोलण्यापुरतं हवं असेल तर 27 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड आहे. 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ, पाच वॅटपर्यंत, अँटेना सेटलाच जोडलेली असेल तर परवाना लागत नाही. वायर लांबवली की ही सवलत गेली.

परवाना हातात आला की 40 मीटर पट्ट्याचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची साधी अँटेना) बांधा, एकूण सुमारे 20 मीटर तार. दोन कडुनिंबांमध्ये सहज बसतो. महावितरणच्या खांबाला तार बांधू नका आणि विजेच्या तारांवरून ओलांडूनही नेऊ नका. मृगाच्या आधी अर्थिंग तपासून ठेवा, आणि ढग गडगडायच्या आत अँटेनाची केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाका.