वर्ध्याची टकळी आणि इंजिनिअरिंगचं जर्नल

विदर्भातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सध्या प्राध्यापकांची कार्यशाळा असली की ‘प्रकल्पाधारित शिक्षण’ आणि ‘फ्लिप्ड क्लासरूम’ (व्याख्यान घरी ऐकायचं, वर्गात प्रत्यक्ष काम करायचं) हे शब्द हटकून कानावर पडतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही कालपरवा बाहेरून आलेली हवा. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने तरी असं समजू नये.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काम करता करता शिकायचं, सूत कातायची टकळी चालवताना गणितही यायचं आणि कापसाचा इतिहासही, हा तिचा गाभा. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामात ‘नई तालीम’ उभी राहिली. तिकडे वर्ध्यातल्याच मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी तेलघाणी, हातकागद, धूर कमी करणारी चूल यांवर खपत होते. आजच्या भाषेत त्याला संशोधन प्रयोगशाळा म्हणावं लागेल. फक्त तिथे प्रश्न गावाचे होते.

पण नई तालीम होती शाळेतल्या पोरांसाठी. इंजिनिअर घडवायची वाट इंग्रजांच्या बांधकाम खात्याकडून आलेली, तिचा शेवट परीक्षेत. नागपूरचं प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, अमरावतीचं शासकीय १९६४ चं. ग्रामीण भागाला दार उघडलं ते १९८३ मध्ये. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी शेगाव, पुसद आणि चक्क सेवाग्राम इथे इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली. ज्या गावात टकळीवरून गणित शिकवून झालं होतं, तिथेच फळ्यावरून डिक्टेशन सुरू झालं. योगायोगच, पण बोचणारा.

यात दोष एकट्या मास्तरांचा नाही. कालचा बी.ई. आज लेक्चरर झाला, त्याला जसं शिकवलं तसंच तो शिकवणार. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा. वर्गात काही वेगळं करायचं म्हटलं तर पोर्शन कोण पुरा करणार? प्रॅक्टिकलचं म्हणाल, तर सीनियरचं जर्नल समोर ठेवून आधी आलेख काढायचा आणि मग त्यावरून रीडिंग भरायची, ही विद्या आमच्या पिढीला पक्की येत होती. कल्पकता म्हणाल तर तिच्यातच.

बदलाचा रेटा आला तो मुख्यतः अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्यांच्या बाजूने. २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएल या सरकारी प्रकल्पातून आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं पुढे नेटवर मिळू लागली खरी, पण लाइन आणि नेट दोन्ही बेभरवशाची तिथे त्यांचा उपयोग उशिराच झाला. जून २०१४ मध्ये इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत पूर्ण सदस्य झाला आणि विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं ते दाखवा, अशी मागणी आली. त्याची आमच्याकडे झाली कोष्टकं. सेमिस्टर संपताना रात्री जागून ती भरायची! तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमाने पदवीसाठी लागणारी क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायची एककं) कमी करून १६० वर आणली, इंटर्नशिप सक्तीची केली.

मला जास्त मोलाचं वाटतं ते उन्नत महाराष्ट्र अभियान. २०१६ मध्ये राज्य सरकारने ते सुरू केलं. पाणी, एसटी, वीज असे जिल्ह्यातले प्रश्न विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून हाती घ्यावेत, हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढली की पाठीवरच्या पंपाचा फवारा अंगावर येतो. नोझल कुठे वळवायचं, थेंब केवढा हवा, वारा किती असताना थांबायचं: यात द्रवयांत्रिकी आहे, डिझाइन आहे, आणि मजुराशी बोलणंही आहे.

वर्गात मी हा प्रश्न मांडला तेव्हा पोरं खरंच पुढे सरसावली. दोघांनी घरचा पंपही आणला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे पेपरले येते का?”