छोटी मर्सिडीज: दुहेरी तळापासून रुंद पडद्यापर्यंत

मे २०२३ मध्ये ए-क्लास लिमोझिन, म्हणजे ए-क्लासची सेडान, आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी जीएलए ही एसयूव्ही. मर्सिडीजच्या भारतातल्या या दोन सर्वांत छोट्या गाड्या आठ महिन्यांच्या अंतराने नव्या रूपात आल्या. त्या वेळी लिमोझिनच्या ए २०० या पेट्रोल मॉडेलची किंमत होती ४५.८० लाख आणि जीएलएची ५०.५० लाखांपासून पुढे, दोन्ही एक्स-शोरूम. ग्रिल, बंपर, दिवे आणि स्टिअरिंग बदललं, पडद्याची यंत्रणा नवी आली आणि दोन सीटच्या मधला टचपॅड गेला. तो टचपॅड हाताला कधी नीट बसलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी फारसं कुणी हळहळलं नसावं.

दरवाजे, छप्पर आणि काचा मात्र जुन्याच राहिल्या. साधारण सात-आठ वर्षं चालणाऱ्या मॉडेलच्या मध्यावर होणाऱ्या प्रत्येक फेसलिफ्टचं हेच गणित असतं. बंपर प्लास्टिकचे असतात आणि दिवे पुरवठादाराकडून तयार येतात, म्हणून ते बदलणं परवडतं. दरवाजाचा पत्रा बदलायचा तर प्रेसचे डाय, वेल्डिंगचे जिग आणि रबरी सील सगळंच नव्याने करावं लागतं, शिवाय अपघात-चाचण्याही पुन्हा कराव्या लागतात. जुनी गाडी घेताना फेसलिफ्टच्या आधीची आणि नंतरची ओळखायची असेल, तर नजर दिव्यांवर आणि मधल्या कन्सोलवर ठेवावी. बाजूने पाहून फरक कळत नाही.

हे वरवरचं झालं. मुळात मोठ्या गाड्यांवर नाव कमावलेल्या या कंपनीला छोट्या लांबीत काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न चाळीस वर्षांपासून पडलेला आहे. दर पिढीला तिने त्याचं वेगळं उत्तर दिलं.

पहिलं उत्तर डिसेंबर १९८२ मधलं. त्या वेळी आलेल्या १९० या सेडानला लोकांनी ‘बेबी बेंझ’ हे नाव दिलं. ब्रुनो साको यांच्या डिझाइन विभागाने तिचा आकार लहान केला, पण तिच्या यांत्रिक भागांत काटकसर केली नाही. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी धरणारं मल्टि-लिंक सस्पेन्शन याच गाडीतून आलं आणि पुढे मोठ्या मर्सिडीजमध्येही गेलं. तिची लांबी सुमारे ४.४२ मीटर होती. आज ‘छोटी’ म्हणून विकली जाणारी ए-क्लास लिमोझिन ४,५४९ मिलिमीटर, म्हणजे त्या बेबीपेक्षा सुमारे १३ सेंटिमीटर जास्त लांब आहे.

दुसरं उत्तर सर्वांत धाडसी होतं. १९९३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘व्हिजन ए ९३’ ही संकल्पना दिसली आणि मार्च १९९७ मध्ये जिनिव्हात पहिली ए-क्लास आली. तिचा कारखान्यातला क्रमांक डब्ल्यू १६८ आणि लांबी फक्त ३,५७५ मिलिमीटर. एवढ्या आखूड नाकात इंजिन मावत नाही आणि समोरून धडक बसली तर ते थेट पायांवर येतं. त्यावर तोडगा म्हणून गाडीला दुहेरी तळ, म्हणजे मध्ये पोकळी असलेले दोन थर, दिला. इंजिन आणि गिअरबॉक्स ५९ अंशांनी तिरके करून पुढच्या भागात आणि काही प्रमाणात तळाखाली बसवले. जोराची धडक बसली की ते प्रवाशांकडे न येता पायाखालच्या उतारावरून खाली सरकतात. प्रवासी इतर छोट्या गाड्यांपेक्षा सुमारे २० सेंटिमीटर उंच बसत, त्यामुळे बाजूने धडक बसली तर ती त्यांच्या कमरेखाली बसे. तळातल्या पोकळीत पुढे बॅटरी किंवा फ्युएल सेल ठेवता येईल, हाही हिशेब त्यात होता.

पण उंच बसवलेले प्रवासी म्हणजे वर गेलेला गुरुत्वमध्य. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स व्हॅर्ल्ड’ या नियतकालिकाच्या चाचणीत ए-क्लास उलटली. रस्त्यावर अचानक मूस हे मोठं हरीण आडवं यावं तशी ही चाचणी असते. भरलेली गाडी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने आणायची, ब्रेक न लावता झटक्याने डावीकडे काढायची आणि लगेच परत आपल्या लेनमध्ये घ्यायची. पहिल्या वळणात सस्पेन्शन एका बाजूला दबतं. दुसऱ्या वळणात ते उसळून विरुद्ध बाजूला जातं आणि दोन्ही झोल एकत्र येतात. टायरची पकड चांगली असेल तर चाक घसरतही नाही. मग सगळा जोर गाडी आडवी करण्यात जातो. म्हणजे इथे चांगली पकडच नडते.

सुरुवातीला टायरकडे बोट दाखवून झालं. मग नोव्हेंबरमध्ये कंपनीने गाड्या देणं बारा आठवडे थांबवलं आणि आधी विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. सस्पेन्शन कडक केलं, टायर रुंद केले, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गाडीत ईएसपी बसवलं. या दुरुस्तीचा खर्च सुमारे ३० कोटी जर्मन मार्क झाला. स्टिअरिंग किती वळलं आहे आणि गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती फिरते आहे, याची ईएसपी सतत तुलना करतं. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली की ते बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनची ताकद कमी करतं. गाडी थोडी सरळ ढकलली जाते आणि चाकावरचा आडवा जोर उतरतो. त्याआधी ही यंत्रणा महागड्या गाड्यांतच मिळायची, ती या नाचक्कीमुळे ३.६ मीटरच्या गाडीत आली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची झाली. लहान गाड्यांच्या सुरक्षिततेला त्या एका कोलांटीने जेवढा फायदा झाला, तेवढा बऱ्याच जाहिरातबाज संशोधनाने झाला नसेल.

डब्ल्यू १६८ अधिकृतपणे भारतात कधी आलीच नाही. युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांना ती आजही स्वस्तात दिसते, म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. इंजिन तळाखाली कोंबलेलं असल्याने स्टार्टर किंवा क्लचसारख्या कामासाठी बऱ्याचदा इंजिन सब-फ्रेमसकट खाली उतरवावं लागतं. पार्ट स्वस्त असतो, पण मजुरीच गाडीच्या किमतीला येऊन भिडते. दुसरी खोड मागच्या एक्सलची. ट्रेलिंग आर्मच्या नीडल बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की ती गंजून जाम होतात, मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. गाडी मागून पाहिली की हे लगेच कळतं. २००४ च्या दुसऱ्या पिढीतही दुहेरी तळ राहिला आणि २००५ मध्ये त्याच बांधणीवर बी-क्लास आली. त्या काळातल्या सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट बिघडतं. ट्रायलमध्ये झटके बसत असतील तर ती गाडी सोडून द्यावी.

दुहेरी तळ हुशारीचा होता, पण महाग होता. त्याहून मोठी अडचण म्हणजे गाडी तरुणांची दिसत नव्हती. उंच आणि सहज चढता-उतरता येणारी ही गाडी पसंत पडली ती प्रामुख्याने उतारवयातल्या ग्राहकांना. ऑडी ए३ ने १९९६ पासून आणि बीएमडब्ल्यू वन सीरीजने २००४ पासून नेमका दुसरा ग्राहक धरला होता. मार्च २०१२ मध्ये जिनिव्हात आलेल्या तिसऱ्या ए-क्लासने सगळंच उलटं केलं. लांबी ४,२९२ मिलिमीटर झाली, उंची १,४३३ वर आली, म्हणजे आधीच्या गाडीपेक्षा १६ सेंटिमीटर कमी. इंजिन पुढे आडवं बसवलं आणि ए-क्लासपुरता तरी दुहेरी तळ संपला. याच एमएफए बांधणीवर २०१३ मध्ये सीएलए आणि जीएलए आल्या. एका सांगाड्यावर हॅचबॅक, कूपेसारखी सेडान आणि उंच एसयूव्ही असं कुटुंब इथून सुरू झालं. नफ्याचं गणितही इथूनच जमलं असं मानायला जागा आहे.

भारतात या वर्गाचं दार डिसेंबर २०१० मध्ये बीएमडब्ल्यू एक्स१ ने उघडलं. तिची किंमत २२ लाखांपासून होती आणि जुळणी चेन्नईत होत होती. २०१२ मध्ये ऑडी क्यू३ आली, पुढे तिची आणि ए३ सेडानची जुळणी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, होऊ लागली. मर्सिडीजने सप्टेंबर २०१२ मध्ये बी-क्लास आणि मे २०१३ मध्ये ए-क्लास आणली. ए-क्लासची किंमत २२ लाखांच्या आसपास होती आणि गाडी तयार आयात होत होती. फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पाने महागड्या तयार गाड्यांवरचं आयातशुल्क ७५ वरून १०० टक्के केलं, पण ते ४० हजार डॉलरच्या वरच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांसाठी. ए-क्लास त्या रेषेच्या खाली राहिली.

आयातीवर फार काळ भागणारं नव्हतं. मर्सिडीज पुण्यात १९९४ पासून आहे. पहिली ई-क्लास १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात तयार झाली आणि २००९ मध्ये चाकणचा १०० एकरांचा कारखाना सुरू झाला. २०१५ मध्ये जीएलए आणि सीएलए तिथे जुळू लागल्या. याचं कारण शुल्कात आहे. सुट्या भागांत आलेल्या, इंजिन आणि गिअरबॉक्स न जोडलेल्या संचावर १० टक्के शुल्क लागे, ते २०१८ पासून १५ झालं. इंजिन-गिअरबॉक्स जोडून, पण बॉडीवर न बसवता आणले तर ३० टक्के, जे २०२३ मध्ये ३५ झालं. तयार गाडीवर तेव्हा ६० ते १०० लागे. छोट्या गाडीत नफ्याचा पदर आधीच आखूड असतो, तिथे हा फरक गाडी विकायची की नाही तेच ठरवतो. चौथ्या पिढीची हॅचबॅक नंतर इथे आली ती फक्त ए ४५ एस या तापट रूपात, तयार आयात होऊन.

जुळणी सुरू झाली त्याच वर्षी, १६ डिसेंबर २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. जीएलए आणि सीएलएचं डिझेल इंजिन २,१४३ सीसीचं, म्हणजे फक्त १४३ सीसीने अडकलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का अधिभार लावून बंदी उठली. नंतरच्या पिढीतलं इंजिन १,९५० सीसीचं आहे. ते काही दिल्लीसाठी बनवलेलं नाही, पण इथे त्याचा उपयोग झाला.

सध्याची पिढी फेब्रुवारी २०१८ मधली. या वेळचं उत्तर होतं पडदा. एमबीयूएक्स ही बोलून चालणारी यंत्रणा एस-क्लासच्याही आधी ए-क्लासमध्ये आली. मर्सिडीजच्या रिवाजात हे नवलच, कारण नवं ते वरून खाली झिरपायचं ही तिथली रीत. भारतात मार्च २०२१ मध्ये लिमोझिन ३९.९० लाखांच्या प्रारंभिक किमतीला आली आणि मे २०२१ मध्ये दुसरी जीएलए. दुसऱ्या पिढीची सीएलए इथे आलीच नाही, तिची जागा लिमोझिनने घेतली. ए २०० मध्ये रेनो-निस्सानबरोबर विकसित केलेलं १,३३२ सीसीचं, १६३ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. ए २००डी मध्ये १,९५० सीसी डिझेल आणि आठ गिअर. ‘मर्सिडीजमध्ये रेनोचं इंजिन’ अशी टिंगल शोरूमबाहेर पुष्कळ ऐकू येते. पण जीएसटीतला फरक पाहा. लांबी चार मीटरच्या वर असली तरी १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सप्टेंबर २०१७ पासून २८ अधिक १७ असे ४५ टक्के लागत, त्यावरच्या इंजिनाला ४८. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना सरसकट ४० टक्के झाले, म्हणजे कमी सीसीचा तो फायदाच संपला आणि डिझेलला जास्त सवलत मिळाली.

महाराष्ट्रात गाडी नावावर करताना आणखी एक हिशेब आहे. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. ए २०० च्या २०२३ मधल्या ४५.८० लाखांच्या किमतीवर म्हणजे ५.९५ लाख की ९.१६ लाख, हा तीन लाखांहून जास्तीचा फरक घसाऱ्यात भरून निघतो का, हे सीएला विचारूनच ठरवावं.

वापरातल्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर चालतो, पण खड्ड्यात त्याची कडक बाजू धक्का पुढे पाठवते आणि रिमला चीर जाते. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकताना ड्युअल क्लच अर्धवट धरून राहतो आणि तापतो. पुढे एका गाडीइतकी जागा होऊ द्यावी, मग सरकावं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, थांबल्यावर ब्रेक पुन्हा जोरात दाबला की ‘होल्ड’ लागतो. लिमोझिनचं नाक खाली आहे, त्यामुळे सोसायटीतल्या उंच स्पीडब्रेकरवर ती तिरकीच काढावी लागते. रोजचा रस्ता असा असेल तर वरचे पैसे घालून जीएलए घेणं शहाणपणाचं.

मार्च २०२५ मध्ये रोममध्ये दाखवलेली तिसरी सीएलए आधी विजेवर आली. ८०० व्होल्टची यंत्रणा, मागच्या मोटरला दोन गिअर, ८५ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि युरोपीय चाचणीत ७९२ किलोमीटरपर्यंतचा पल्ला. बॉनेटखाली १०१ लिटरची डिकी आहे. बॅटरी ठेवली आहे प्रवाशांच्या पायाखाली, तळात. १९९७ मध्ये ज्या कारणासाठी ती पोकळी सोडली होती, तिथेच. गाडी मात्र आता ४,७२३ मिलिमीटर लांब आहे.