आवाज फाटतो म्हणजे काय?

स्पीकर बिघडला की आपण म्हणतो, आवाज फाटतोय. विसर्जनाच्या दिवशी गिरगावात बेंजो पार्टी कर्णे लावून जाते तेव्हाही आवाज फाटलेलाच असतो, पण तेव्हा कोणी तक्रार करत नाही. उलट त्या फाटण्यावरच पोरं नाचतात. गिटारवाल्यांनी हेच फाटणं डबीत भरलं. त्या डबीला पेडल म्हणतात, कारण ती जमिनीवर ठेवून पायानं दाबायची असते.

गेल्या महिन्यात माझा भाचा डोंबिवलीहून अशी एक हिरवी डबी घेऊन आला. सेकंडहँड, अकरा हजारांची. "मामा, हिच्यात ओरिजिनल जपानी चिप आहे. सगळा टोन त्या चिपचा." मी आयुष्यभर सोल्डरिंग केलेला माणूस. मला हे वाक्य पचेना.

आधी थोडं शाळेतलं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते, म्हणजे फॅरडेचा १८३१ सालचा शोध. हे व्होल्टेज फार लहान, साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास. ते वाढवायचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं. पण वाढवायलाही मर्यादा असते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किट बारा व्होल्टची लाट काढू शकत नाही. तशी मागणी केली की लाटेचं डोकं वरून आणि पाय खालून छाटले जातात. आवाज फाटतो म्हणजे हेच. लाट छाटली जाते.

हे मुद्दाम करायचं सुचलं अपघातानं. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास घरघरू लागला. ती घरघर तशीच ठेवली गेली. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी नंतर तशी घरघर करणारं सर्किटच बनवलं, आणि १९६२ मध्ये ते मायस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आलं.

आता माझा आवडता भाग. छाटल्यावर लाटेचं नेमकं होतं काय? शुद्ध एकसुरी लाट, समजा २२० हर्ट्झची, वरून-खालून सारखीच छाटली तर तिच्यात ६६०, ११००, १५४० हर्ट्झचे नवे सूर जन्माला येतात. म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट. वरची बाजू कमी आणि खालची जास्त छाटली, तर ४४० आणि ८८० पण येतात. तंबोरा ऐकणाऱ्याला यात नवल वाटायला नको. षड्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो षड्जाच्या पाचपटीचाच सूर. जवारीचा दोरा सरकवून तंबोरावाला वरचे सूर उजळवतो. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांना या जवारीचं इतकं कुतूहल होतं की त्यांनी १९२१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. दोरा आणि पेडल यांचं काम वेगळ्या वाटेनं होतं, पण दोघंही तारेच्या सुराला वरची झालर लावतात.

खरी गंमत दोन सूर एकत्र छाटले की होते. रॉक गिटारवाले फाटक्या आवाजात पूर्ण कॉर्ड सहसा वाजवत नाहीत, नुसता सा-प वाजवतात. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. का? सा ११० हर्ट्झ धरा, प १६५. छाटल्यावर दोघांचे गुणाकार तर येतातच, शिवाय त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही येतात. दोनदा ११० वजा १६५, म्हणजे ५५. दोनदा १६५ वजा ११०, म्हणजे २२०. काहीही करा, उत्तर ५५ च्या पाढ्यातच सापडतं. ५५ म्हणजे खर्जातला सा. दोन तारांवर तुम्ही जे वाजवलंच नाही, ते खालून गुरगुरत येतं. अंगावर काटा येतो तो यानं.

आता सा-ग वाजवा. शुद्ध गंधार १३७.५ हर्ट्झवर हवा, पण गिटारच्या पडद्यांवर तो १३८.६ वर बसवलेला असतो. पेटीचा गंधार चढा लागतो ही गवयांची जुनी तक्रार, तीच इथे. सा चा पाचवा सूर ५५०, या गंधाराचा चौथा ५५४.४. साध्या आवाजात हे दोन्ही इतके क्षीण असतात की कानाआड करता येतात. छाटलेल्या आवाजात ते दोन्ही पुढे येतात आणि सेकंदाला चार-पाच वेळा एकमेकांना धडकतात. सगळा चिखल.

हा चिखल टाळायची युक्ती भाच्याच्या हिरव्या डबीत आहे. ती आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर पेडलच्या घराण्यातली. तिच्यात लाट वाढवणाऱ्या चिपचं आउटपुट परत इनपुटकडे आणलेलं असतं, आणि त्या परतीच्या वाटेवर दोन डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) उलटसुलट जोडलेले असतात. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो. तोपर्यंत नॉब पूर्ण उघडला असेल तर लाट ११८ पट वाढते. डायोड उघडले की वाढ जवळपास थांबते. त्यामुळे डोकं सपाट न होता गोल राहतं. शिवाय ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झची सीमा आखतात. तिच्या खाली वाढीची पट कमी होत जाते, ११० हर्ट्झला ती जेमतेम १८ उरते. खर्ज कमी छाटला जातो, म्हणून चिखल कमी. (इथपर्यंत आलात तर अवघड भाग संपला.)

म्हणजे छाटतात डायोड. मग चिपचा एवढा उदोउदो का? ती ४५५८ नावाची चिप आपल्या लोकल अ‍ॅम्प्लिफायरच्या टोन बोर्डावरही सर्रास दिसते. मी लॅमिंग्टन रोडवर गेलो (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर तसं विचारून बघा), साधी ४५५८, एक आठ पायांचा सॉकेट आणि मूठभर १एन४१४८ डायोड घेऊन आलो. भाच्याची जपानी चिप उपसली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. सॉकेट बसवला, त्याला खिडकीकडे तोंड करून वाजवायला लावलं आणि आलटून-पालटून चिपा बदलल्या. जपानी कुठली ते त्यानं ओळखायचं. कधी बरोबर, कधी चूक, नाणं उडवल्यासारखं. मग एका बाजूच्या डायोडला आणखी एक डायोड जोडला, न सांगता. पहिल्याच फटक्याला तो वळला. "हे काय केलंस?" मोबाइलवरून २२० हर्ट्झची लाट सोडली आणि स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बघितलं. मघाशी जिथे काहीच नव्हतं तिथे ४४० ची काडी उभी होती. बॉस कंपनीच्या १९७७ च्या ओडी-१ पेडलमध्ये असेच तीन डायोड आहेत, दोन एकीकडे, एक दुसरीकडे.

चिप कधीच महत्त्वाची नसते असं मात्र नाही. रॅट पेडलमधली एलएम३०८ इतकी सुस्त आहे की तिच्या सुस्तीनंच आवाज बदलतो. जर्मेनियमचंही तसंच. १९६६ च्या फझ फेस पेडलमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर लोक नीलम-पुष्कराजासारखे पारखून घेतात, ‘लाभला’ तर लाभला. त्यामागे दैवी काही नाही. जर्मेनियममधून वीज गळते आणि तापमान दहाएक अंशांनी वाढलं की गळती साधारण दुप्पट होते. एसीत गोड वाजणारं पेडल मे महिन्यात पत्र्याच्या रिहर्सल रूममध्ये खरखर करणारच. मुंबईत राहणाऱ्यानं सिलिकॉनचं घ्यावं, असं माझं मत.

पेडलांचा क्रम लावतानाही छाटणी लक्षात ठेवा. डिले आणि रिव्हर्ब (पडसाद आणि घुमारा देणारी पेडलं) फाटणाऱ्या डबीच्या आधी लावले, तर मागचे पडसाद आणि नवे सूर एकत्र छाटले जातात आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचा गोंधळ होतो. म्हणून ते सहसा नंतर. कोणाला तो गोंधळच हवा असेल तर खुशाल आधी लावावेत.

आणि अ‍ॅडॉप्टर. बहुतेक पेडलना नऊ व्होल्ट लागतात, पण पिनचा मधला भाग ऋण असतो, घरातल्या इतर बऱ्याच अ‍ॅडॉप्टरच्या उलट. ते तपासल्याशिवाय लावू नका. भाच्याच्या डबीतून सतत हूं-हूं येत होती. आपली वीज ५० हर्ट्झची, अ‍ॅडॉप्टरनं ती एकदिश केली की गुणगुण १०० हर्ट्झची होते. ती लाटेत मिसळली की पुढे तीही कित्येक पट वाढते. मी त्याचा रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा अ‍ॅडॉप्टर काढला आणि चौकोनी बॅटरी लावली. खोली एकदम शांत झाली.

"मी तर यासाठी दुसरी जपानी चिप शोधत होतो," तो म्हणाला.