जस्टिन, संत (रक्तसाक्षी तत्त्वज्ञ)

जस्टिन, संत : (सु. १००–सु. १६५). दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ, धर्मसमर्थक लेखक आणि रोम येथे शिरच्छेद झालेले रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे हुतात्मे). ख्रिस्ती झाल्यावरही ग्रीक तत्त्वज्ञाचा झगा त्यांनी अंगावरून उतरवला नाही. श्रद्धा आणि विद्या यांच्या नात्याचा विचार कॅथलिक परंपरेत निघाला की त्यांचे नाव आरंभीच येते, ते मुख्यतः या कारणामुळे.

त्यांचा जन्म पॅलेस्टाइनमधील शोमरोन (समारिया) प्रांतातील फ्लाविया नेआपोलिस (आजचे नाब्लस) या शहरात झाला. सम्राट वेस्पासियनने हे शहर सन ७२ मध्ये वसवले होते. वडिलांचे नाव प्रिस्कस आणि आजोबांचे बाखियस, ही माहिती स्वतः जस्टिन यांनीच दिली आहे. घराण्याचे वळण ग्रीक-रोमन होते आणि शिक्षणही त्याच वळणाचे झाले.

सत्याच्या आपल्या शोधयात्रेचा वृत्तान्त त्यांनी, त्रिफो या ज्यू गृहस्थाशी झालेल्या चर्चेच्या रूपात लिहिलेल्या ‘त्रिफोशी संवाद’ या ग्रंथाच्या प्रारंभी सांगितला आहे. प्रथम ते एका स्टोइक (विवेक आणि आत्मसंयम यांवर भर देणाऱ्या ग्रीक पंथाच्या) आचार्याकडे गेले. पण त्याला ईश्वराविषयी काही सांगता येईना आणि त्या ज्ञानाची गरजही वाटत नव्हती. दुसरा आचार्य ॲरिस्टॉटलच्या पंथाचा होता. त्याने थोड्याच दिवसांत फी ठरवण्याचा विषय काढला, तेव्हा हा तत्त्वज्ञच नव्हे असे समजून जस्टिन तेथून उठले. पायथागोरसच्या अनुयायाने आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून येण्याची अट घातली. प्लेटोच्या पंथात मात्र ते रमले. पुढे समुद्राजवळच्या एकांतात भेटलेल्या एका वृद्धाने प्लेटोच्या आत्म्यासंबंधीच्या सिद्धान्तावर एकामागून एक प्रश्न विचारून त्यांना निरुत्तर केले आणि इब्री संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचण्यास सांगितले. ही कथा वाङ्मयीन बेताने रचलेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असले तरी तिच्यातला एक बारकावा नजरेआड करता येत नाही : वृद्धाने जस्टिन यांना विचार थांबवायला सांगितले नाही, तर त्यांच्याच तर्कपद्धतीने वाद घालून त्यांना पुढे नेले. ख्रिस्ती शिकवण हेच आपल्याला सापडलेले सुरक्षित आणि हितकर तत्त्वज्ञान, अशा शब्दांत जस्टिन यांनी आपला निष्कर्ष नोंदवला आहे. शहीद झालेल्या ख्रिस्तीजनांचे मरणापुढचे धैर्य पाहूनही आपले मन वळले, असे ते अन्यत्र सांगतात.

रोममध्ये त्यांनी शिकवण्यास सुरुवात केली. सु. १५५ मध्ये त्यांनी सम्राट अँटोनायनस पायस आणि त्याचे दत्तक पुत्र यांना उद्देशून ‘पहिले समर्थन’ लिहिले. त्या पुत्रांपैकी एक म्हणजे पुढचा सम्राट मार्कस ऑरेलियस. केवळ नावावरून शिक्षा देऊ नका, कृत्यांची चौकशी करा, ही त्यातली मागणी आहे. याच ग्रंथात आणि त्याला जोडून येणाऱ्या ‘दुसऱ्या समर्थना’त त्यांचा सर्वांत प्रभावी विचार आढळतो. योहानाच्या शुभवर्तमानात ज्याला ‘शब्द’ म्हटले आहे, तो दैवी विवेक ख्रिस्तात पूर्णपणे प्रकट झाला. परंतु त्याची बीजे त्याआधीही सर्व मानवजातीत पेरलेली होती. म्हणून विवेकानुसार जगलेले सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस हे, लोकांनी त्यांना नास्तिक ठरवले तरी, ख्रिस्तीच होते, असे जस्टिन लिहितात. आणि जे जे कोणी यथार्थ बोलले आहे ते सारे आम्हा ख्रिस्ती लोकांचे आहे, असाही दावा करतात. त्यात औदार्य आहे आणि स्वामित्वाचा सूरही आहे. परक्या ज्ञानाचे स्वागत करताना त्याच्यावर आपला हक्क सांगण्याची ही वृत्ती सॉक्रेटिसला रुचली असती की नाही, हा वेगळा प्रश्न.

‘पहिल्या समर्थना’च्या अखेरच्या भागात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे : प्रेषितांच्या आठवणींचे (म्हणजे शुभवर्तमानांचे) किंवा संदेष्ट्यांच्या लेखनाचे वाचन, अध्यक्षाचे प्रबोधन, प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यांवर आभारस्तवन, गैरहजर राहिलेल्यांकडे सेवकांनी नेलेला वाटा, आणि अनाथ, विधवा व बंदिवान यांच्यासाठी जमवलेला निधी. आजच्या मिस्साविधीचा (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचा) आराखडा यात सहज ओळखू येतो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात हा उतारा उद्धृत केला आहे.

जस्टिन यांच्या विद्वत्तेला मर्यादाही होत्या. प्लेटोने आपले विचार मोशेकडून घेतले, हे त्यांचे मत इतिहासाला धरून नाही. रोममध्ये टायबर नदीतील बेटावर, नव्या करारात उल्लेख असलेल्या जादूगार शिमोनाचा देव म्हणून पुतळा उभारला आहे, असे त्यांनी सम्राटाला लिहिले. १५७४ मध्ये त्या बेटावर सापडलेला शिलालेख सेमो सांकस या सॅबाइन (प्राचीन इटलीतील एका जमातीच्या) देवतेचा निघाला, आणि नामसादृश्यामुळे त्यांची गल्लत झाली असावी असे मानले जाते. याहून गंभीर बाब ‘त्रिफोशी संवादा’ची आहे. सौजन्याने सुरू होऊन सौजन्यानेच संपणाऱ्या या चर्चेत ईश्वराची प्रजा म्हणून ज्यू लोकांची जागा आता ख्रिस्ती लोकांनी घेतली, हा विचार ठामपणे मांडलेला आहे. या विचारसरणीचे पुढील शतकांत भीषण परिणाम झाले. ज्यू लोकांना ईश्वराने नाकारलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्माध्यक्षांच्या सर्वसाधारण सभेने) १९६५ मध्ये स्पष्ट केले.

सु. १६५ मध्ये जस्टिन आणि त्यांच्या सहा सोबत्यांना रोमचा नगराधिकारी क्विंटस जुनियस रुस्तिकस याच्यापुढे उभे करण्यात आले. रुस्तिकस स्वतः स्टोइक होता. एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या शिकवणीची टिपणे आपल्याला त्याच्यामुळे मिळाली, अशी कृतज्ञता मार्कस ऑरेलियसने नोंदवली आहे. म्हणजे न्यायासनावरही तत्त्वज्ञ आणि आरोपीही तत्त्वज्ञ. खटल्याचा जुना वृत्तान्त संक्षिप्त आणि विश्वसनीय मानला जातो. आपण सर्व मते शिकण्याचा प्रयत्न केला आणि अखेर ख्रिस्ती लोकांच्या सत्य मताला वाहून घेतले, असे जस्टिन यांनी सांगितले. एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर आपण राहतो आणि जो येईल त्याला शिकवतो, अशी माहितीही त्यांनी दिली. तुम्हाला जस्टिननेच ख्रिस्ती केले का, असे रुस्तिकसने इतरांना विचारले. कप्पदुकियाचा गुलाम एवेल्पिस्तस याचे उत्तर लक्षणीय आहे : जस्टिन यांचे बोलणे मी आनंदाने ऐकत असे, पण ख्रिस्ती धर्म मला आईवडिलांकडून मिळाला. शाळा आणि घर यांचा असा सरळ हिशोब त्या काळच्या लेखनात विरळाच. शेवटी, शिरच्छेद झाल्यावर स्वर्गात जाऊ असे तुला वाटते का, या प्रश्नावर जस्टिन यांनी, वाटत नाही, ते मला ठाऊक आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. देवतांना बळी अर्पण करण्यास सर्वांनी नकार दिला आणि सर्वांना मृत्युदंड झाला.

त्यांचा शिष्य तातियान पुढे ग्रीक संस्कृतीचा कडवा निंदक झाला, आणि अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध, असा सवाल उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने केला. क्लेमेंट ऑफ अलेक्झांड्रिया या ख्रिस्ती विचारवंताने मात्र जस्टिन यांच्याच दिशेने पुढे जात तत्त्वज्ञान ही ग्रीकांची ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी मानली. जस्टिन यांचे ग्रंथ आज प्रामुख्याने चौदाव्या शतकातील एका ग्रीक हस्तलिखितामुळे उपलब्ध आहेत. त्यांचा सण पोप लिओ तेरावे यांनी १८८२ मध्ये सर्वत्र लागू केला. १९६९ पासून तो १ जून रोजी पाळला जातो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा व विवेक यांवरील १९९८ च्या परिपत्रकात, तत्त्वज्ञानाशी सावधपणे पण विधायक संवाद साधणारे अग्रणी म्हणून त्यांचा उल्लेख केला आहे. कॅथलिक धर्मगुरूच्या शिक्षणात ईशज्ञानाबरोबर (ईश्वरविषयक शास्त्राबरोबर) तत्त्वज्ञानाचा अभ्यास आजही अनिवार्य आहे. पुण्यातील ज्ञानदीप या संस्थेत दोन्ही विद्याशाखा असून तेथे भारतीय दर्शनांचाही अभ्यास होतो. परधर्मीयांच्या परंपरांत दडलेली ‘शब्दाची बीजे’ आनंदाने आणि आदराने शोधावीत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्यावरील आदेशात म्हटले आहे, आणि भारतीय ईशज्ञानी त्या वाक्याचा आधार वारंवार घेतात; बीज आणि पूर्ण प्रकटीकरण यांतील अंतर नेमके किती, यावर त्यांच्यात एकमत नाही.