गाणं आधी संपात होतं, मग चळवळीत आलं

'हम होंगे कामयाब' शाळेत सगळ्यांनी म्हटलंय, ते हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे, पण मूळ, अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीचं 'वी शॅल ओव्हरकम' कुण्या एका कवीने बसून लिहिलेलंच नाही. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय पाद्री चार्ल्स टिंडली यांचं 1900 च्या सुमाराचं एक चर्चगीत त्याच्या मुळाशी आहे असं साधारण मानतात. पुढे 1945 च्या ऑक्टोबरात साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला सिगार फॅक्टरीत संप झाला, त्यात काळ्या बायका जास्त, आणि पिकेटिंगचा (फॅक्टरीच्या दारातल्या धरण्याचा) दिवस संपताना ल्युसिल सिमन्स हे गाणं अगदी संथ लयीत म्हणायच्या. टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलच्या, म्हणजे कामगार आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या शाळेच्या, झिल्फिया हॉर्टननी ते संपकऱ्यांकडून घेतलं, लोकगायक पीट सीगरना शिकवलं, आणि एप्रिल 1960 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात स्निक (SNCC) ही विद्यार्थी संघटना उभी राहिली तिथे गायक गाय कॅरावाननी ते सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. त्याआधी 1959 ला हायलँडरवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा अंधारात बसलेल्या मुलांनी 'आम्ही घाबरत नाही' ही ओळ त्यात घातली होती.

हे जमलं कारण काळ्यांच्या चर्चमध्ये गायची रीतच तशी, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झीलकऱ्यांसारखी उचलायची, पाठांतर लागत नाही, पुस्तक लागत नाही, शब्द जागच्या जागी बदलता येतात. जॉर्जियातल्या ऑल्बनीत 1961 ला बर्निस जॉन्सन (पुढे रेगन) यांनी एका जुन्या भजनात 'संकट' होतं तिथे थेट 'स्वातंत्र्य' म्हटलं. पाद्र्याची मुलगी, कॉलेजात शिकणारी, चळवळीपायी कॉलेजमधून काढलं, आणि 1962 ला त्या फ्रीडम सिंगर्समध्ये गेल्या, चौघंजण गावोगाव गात स्निकसाठी पैसे जमवायचे.

मला सगळ्यात जास्त भिडतात मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर. 31 ऑगस्ट 1962, मिसिसिपीतल्या रूलव्हिलहून 18 काळी माणसं मतदार नोंदणीसाठी बसने इंडियानोलाला गेले, परत येताना पोलिसांनी बस अडवली, कारण काय तर बस फारच पिवळी आहे, स्कूल बससारखी दिसते! ड्रायव्हरला दंड, आत सगळे घाबरलेले, आणि मागून हेमर गायला लागल्या, चर्चमधली नेहमीची गाणी एकामागून एक, आणि लोक सावरले. नोंदणीला गेल्या म्हणून त्याच दिवशी मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढलं, 18 वर्षं तिथे राबल्या होत्या. पुढे स्निकच्या कामात त्या पूर्णवेळ उतरल्या आणि सभेत भाषणाइतकंच त्यांचं गाणंही असायचं. गाणं म्हणजे भाषणांच्या मधला विरंगुळा असं जे समजतात त्यांनी ही बस आठवावी.

1965 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या भाषणात 'वी शॅल ओव्हरकम' हेच शब्द वापरले. गाण्याच्या कॉपीराइटवर मात्र हॉर्टन, सीगर, कॅरावान आणि गायक फ्रँक हॅमिल्टन यांची नावं होती, रॉयल्टी हायलँडरमार्फत सामाजिक कामाला जायची हे खरं, पण सिमन्स यांचं नाव त्यात नव्हतं हे मला खटकतंच. कोर्टात गेल्यावर 2018 ला गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं.